चार हजार फुटांची परवानगी आणि जुन्नरचा डोंगर: अलिटालिया 771 चा अभ्यास

7 जुलै 1962. मध्यरात्र उलटून साधारण दहा मिनिटं झाली होती. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाकडे निघालेलं, इटलीच्या अलिटालिया कंपनीच्या 771 क्रमांकाच्या उड्डाणाचं डीसी-8 जातीचं जेट विमान जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळलं. विमानात 85 प्रवासी होते आणि 9 कर्मचारी. एकही वाचला नाही. आदळलं ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,600 फुटांवर, माथ्याच्या जेमतेम काही फूट खाली. मुंबई तिथून 84 किलोमीटर दूर होती.

(काही नोंदींत 6 जुलै अशी तारीख सापडते. ग्रिनिच वेळेनुसार तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, म्हणून हा फरक.)

सह्याद्रीत आणि मुंबईच्या आसपास विमानांचे अपघात बरेच झाले. त्यातला हाच एक सविस्तर अभ्यासासाठी घ्यावा असं मला वाटतं. इथे वादळात सापडून विमान कोसळलं नाही, बॉम्ब नव्हता, पंख तुटला नव्हता. चौकशीत जी कारणं ठरली त्यांत यंत्राचा बिघाड नाहीच. धडधाकट विमान, अनुभवी माणसं, कंट्रोलरशी नीट चाललेलं बोलणं, आणि समोर डोंगर. अशा अपघाताला विमान वाहतुकीच्या क्षेत्रात स्वतंत्र नाव आहे: विमान पूर्ण ताब्यात असताना जमिनीवर आदळणं. जेट युगाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सर्वाधिक माणसं दगावली त्यांतला हा एक मोठा प्रकार.

आधी तो मुलूख नीट डोळ्यांसमोर आणू. पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नरला गेलात तर चढ असा जाणवतच नाही. सपाट शेती, मधूनच एखादा डोंगर. जुन्नर गावच मुळात समुद्रसपाटीपासून बावीसशे फुटांच्या वर आहे, हे तिथल्या बाजारात उभं राहून कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पश्चिमेकडे, नाणेघाटाच्या दिशेने जावं तसे डोंगर उंच होत जातात आणि घाटमाथ्याच्या अगदी टोकाशी जीवधनसारखा किल्ला पावणेचार हजार फुटांपर्यंत पोचतो. तिथून पुढे कडा तुटतो आणि थेट खाली कोकण. उत्तरेला हरिश्चंद्रगड साडेचार हजारांच्या वर, त्याच्याही पलीकडे कळसूबाई 5,400 फूट.

म्हणजे पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्यासाठी सह्याद्रीची रचना फसवी आहे. पठार हळूहळू उंच होतं आणि सर्वांत उंच भाग येतो तो उतरणीच्या अगदी आधी. ट्रेकला जाणाऱ्यांना हे पायांनी माहीत असतं. कोकणातून वर पाहिलं की भिंत दिसते. देशावरून त्या भिंतीकडे चालत गेलं की ती भिंत आहे हे कड्यावर पोचेपर्यंत कळतही नाही.

त्यात महिना जुलैचा. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांत या दिवसांत भाताच्या आवणीची घाई असते. डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात वाकून लोक रोपं लावत असतात आणि समोरच्या बांधावरचा माणूस धुक्यात दिसेनासा होतो. हे भर दुपारी. मध्यरात्री, ढगांच्या आत, 1962 साली, वीज न पोचलेल्या वाड्यावस्त्यांवरून उडणाऱ्या विमानातल्या माणसांना खिडकीबाहेर काय दिसलं असेल? काहीच नाही. काचेवर पाऊस आणि स्वतःच्या दिव्यांचा परत आलेला उजेड, एवढंच.

विमान सिडनीहून निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान आणि शेवटी रोम, असा मार्ग. तेव्हाची जेट विमानं एका दमात एवढा पल्ला गाठू शकत नव्हती, त्यामुळे युरोप आणि ऑस्ट्रेलियामधल्या प्रवासात मुंबई हा नेहमीचा थांबा असे. बँकॉक ते मुंबई हे अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास, साडेतीन तासांचं उड्डाण. त्यात बराचसा भाग बंगालच्या उपसागरावरून, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हे पडताळायला खाली काही नाही.

मुंबई जवळ येऊ लागली तशी कर्मचाऱ्यांनी मुंबई ॲप्रोचशी, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोल कक्षाशी, बोलणं सुरू केलं. हवामान विचारलं, खाली उतरण्याची परवानगी घेतली. कंट्रोलरने त्यांना चार हजार फुटांपर्यंत उतरायला मोकळीक दिली. धावपट्टी क्रमांक 27 वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरायचं होतं. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाला ही धावपट्टी सरळ समोर येते. मग बोलणं झालं ते सरळ येऊन उतरायचं की आउटर मार्करवर एक पूर्ण वळसा घेऊन उतरायचं, याबद्दल. आउटर मार्कर म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे काही किलोमीटरवर बसवलेला रेडिओ बीकन, म्हणजे रेडिओ संकेत पाठवणारं यंत्र. त्याच्यावरून गेलं की पायलटला कळतं, आता शेवटचा टप्पा.

संवादात कुठेही घबराट नाही. संकटाची हाक नाही. शेवटपर्यंत हे उतरण्याच्या तयारीतलं रोजचं बोलणं आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण या प्रकरणाचं सगळं मर्म तिथे आहे. जेट विमान उतरवताना वैमानिक एक ढोबळ हिशेब वापरतात: दर हजार फूट खाली येण्यासाठी साधारण साडेपाच किलोमीटर अंतर. विमानतळ 84 किलोमीटरवर असताना या हिशेबाने विमान पंधरा हजार फुटांच्या आसपास असायला हवं होतं. पंधरा हजार फुटांवर सह्याद्रीतला एकही डोंगर पोचत नाही. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी त्या दोघींच्या वर चार हजार फूट उरतात. प्रत्यक्षात विमान होतं 3,600 फुटांवर. त्याच हिशेबाने एवढी कमी उंची शोभते ती विमानतळापासून वीस किलोमीटरवर. म्हणजे ठाण्याच्या खाडीच्या आसपास असल्यासारखं ते विमान उडत होतं, आणि होतं जुन्नरला. साठ-पासष्ट किलोमीटरची चूक. उतरत्या जेटचा वेग मिनिटाला नऊ-दहा किलोमीटर धरला, तर सहा-सात मिनिटांची चूक. हा माझा हिशेब, अहवालातला नव्हे. पण अहवालाचा निष्कर्ष याच दिशेचा आहे.

चौकशीने अपघाताचं कारण असं ठरवलं: दिशादर्शनातल्या चुकीमुळे वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जास्त जवळ आहोत असं वाटलं, आणि त्याने रात्री, डोंगराळ प्रदेशावर, यंत्रांच्या भरवशावर उडत असताना सरळ उतरण्यासाठी वेळेआधीच उंची सोडली. या मुख्य कारणाला तीन गोष्टी जोडल्या. आपली नेमकी जागा पडताळण्यासाठी उपलब्ध असलेली दिशादर्शक साधनं वैमानिकाने वापरली नाहीत. त्या मार्गासाठी ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही. आणि त्या मार्गावरच्या भूप्रदेशाची त्याला ओळख नव्हती.

निष्कर्ष वाचला की दोष वैमानिकाचा आणि विषय संपला, असं वाटतं. तो निष्कर्ष चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण या प्रकरणातून शिकायचं असेल तर तिथे थांबून चालत नाही. एवढा मुरलेला माणूस सहा-सात मिनिटं चुकीच्या जागेवर विश्वास ठेवून कसा उतरत गेला, हा खरा प्रश्न आहे.

एक उत्तर साधनांमध्ये आहे. त्या काळी जमिनीवरचा बीकन प्रामुख्याने दिशा सांगायचा. काटा समोर दाखवतोय म्हणजे बीकन समोर आहे, पण दहा किलोमीटरवर की शंभर, ते बहुतेक वेळा घड्याळ आणि वेग यांच्यावरूनच काढावं लागायचं. दिशा बरोबर, अंतर चूक, अशी स्थिती सहज येऊ शकायची आणि काट्याकडे पाहून सगळं ठीकच वाटायचं. म्हणून वाटेतल्या दुसऱ्या एखाद्या बीकनची दिशा घेऊन दोन रेषा कुठे छेदतात ते पाहायची पद्धत होती. चौकशीने साधनं वापरली नाहीत असं म्हटलं त्याचा अर्थ साधारण असा: पडताळा घेता येत होता, घेतला गेला नाही.

दुसरं उत्तर मला त्या संवादात दिसतं. सरळ येणार की आउटर मार्करवर वळसा घेणार, हा प्रश्न कुणाला विचारतात? जो आता पोचतच आहे त्याला. कंट्रोलरने योग्य प्रश्न विचारला. पुढचं नियोजन आधी विचारून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण मुंबई जवळ आलीच आहे असं आधीच ठरलेलं मन त्या प्रश्नात आपल्या समजुतीला दुजोरा ऐकतं. मग बोलणं मार्करचं, वळशाचं, धावपट्टीचं होत जातं आणि ‘तुम्ही आत्ता कुठे आहात?’ हा प्रश्न कुणीच कुणाला विचारत नाही. कंट्रोलर धरून चालतो की वैमानिकाला ठाऊक आहे. वैमानिकाला खात्री असते की आपल्याला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ती चार हजार फुटांची परवानगी. विमानाचं रडारवरून मार्गदर्शन चालू नसेल तेव्हा कंट्रोलरने दिलेली उंची ही इतर विमानांपासून अंतर राखण्यासाठी असते. खालचा डोंगर चुकवण्याची जबाबदारी वैमानिकाचीच. म्हणजे ‘चार हजारांपर्यंत उतरू शकता’ याचा खरा अर्थ ‘या वाटेवर चार हजारांपर्यंत दुसरं विमान आडवं येणार नाही, कुठे किती खाली यायचं ते तुमच्या नकाशातल्या किमान उंचीनुसार तुम्ही ठरवा’. नियम जाणणाऱ्याला हे पाठ असतं. पण रात्री, थकव्यात, अनोळखी मुलखात तोच आकडा कानाला आश्वासन वाटू शकतो. आकडा कंट्रोलरकडून आलाय, आणि कंट्रोलर इथला आहे.

लक्षात घ्या, विमान त्या चार हजारांच्याही खाली गेलं होतं. चार हजारांवर थांबलं असतं तर हा विशिष्ट डोंगर जेमतेम चारशे फुटांनी खालून गेला असता. पण घाटमाथ्यावर रेषा थोडी उत्तरेला सरकली की चार हजार फूटही पुरत नाहीत. जुन्नरहून हरिश्चंद्रगड सरळ रेषेत फार लांब नाही, आणि त्याचा माथा चार हजारांच्या बराच वर आहे.

हा अपघात एकटा उभा नाही. त्याच्या तेरा वर्षं आधी, 12 जुलै 1949 ला, डच कंपनी केएलएमचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरायच्या प्रयत्नात घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. 45 जण गेले. त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणाऱ्या अमेरिकन पत्रकारांचा मोठा गट होता. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांच्यापैकी एक. मुसळधार पाऊस, खाली आलेले ढग आणि जेमतेम पावणेसातशे फुटांची टेकडी. आज घाटकोपर-विक्रोळीच्या त्याच रांगेवर घरं अगदी वरपर्यंत चढलेली आहेत. तिथून विमानं डोक्याला लागतील इतकी जवळून जाताना दिसतात. खाली राहणाऱ्या किती जणांना या टेकडीने एक विमान घेतल्याचं ठाऊक असेल, मला शंका आहे.

जुन्नरच्या अपघातानंतर वर्षभराने, 28 जुलै 1963 ला, युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट विमान मुंबईजवळच्या समुद्रात कोसळलं. 63 बळी. यात फिलिपिन्सच्या 24 स्काउटांचं पथक होतं, ग्रीसमधल्या मॅरेथॉन इथे भरणाऱ्या जागतिक जांबोरीला, म्हणजे स्काउटांच्या मेळाव्याला, निघालेलं. त्या मुलांच्या नावांचे रस्ते मनिलालगतच्या केझोन सिटीत आजही आहेत. त्या भागाची ओळखच स्काउटांच्या नावाने आहे. इथे डोंगर नव्हता. जोरदार पाऊस आणि खवळलेल्या हवेत वळण घेताना विमानावरचा ताबा सुटला असावा, असा निष्कर्ष निघाला. आणि 21 जून 1982 च्या पहाटे, कोसळत्या पावसात, एअर इंडियाचं ‘गौरीशंकर’ हे बोइंग 707 मुंबईच्या धावपट्टीवर इतक्या जोरात आदळलं की 17 जणांनी प्राण गमावले. आपण किती उंचीवर आहोत याचं भान सुटून आदळण्याआधी काही सेकंद इंजिनांची ताकद कमी केली गेली, असं चौकशीत ठरलं.

तारखा पाहा: 12 जुलै, 7 जुलै, 28 जुलै, 21 जून. चारही पावसाळ्यातल्या. कारणं निरनिराळी असली तरी खिडकीबाहेरचं जग नाहीसं झालेलं आणि वैमानिकाच्या हातात फक्त यंत्रावरचे आकडे उरलेले, ही स्थिती चारही ठिकाणी होती. त्या आकड्यांत उंचीचा आकडा सर्वांत मोलाचा. उघड्या आकाशात किमान सुरक्षित उंची हा नकाशातला एक नियम असतो. ढगात तो आकडा हाच डोंगर असतो, कारण डोंगराची दुसरी कुठलीही खूण वैमानिकाला मिळत नाही. जोपर्यंत आपली जागा दोन वेगवेगळ्या मार्गांनी पक्की होत नाही तोपर्यंत तो आकडा सोडायचा नाही, मग परवानगी कितीही खालची मिळालेली असो. अलिटालिया 771 च्या बाबतीत ही एक गोष्ट पाळली गेली असती तर बाकी सगळ्या चुका असूनही विमान मुंबईला उशिराने, एखादा जादा वळसा घेऊन का होईना, पोचलं असतं.

जुन्नरच्या अपघाताला साडेतीन वर्षं झाली आणि जवळजवळ तशीच घटना आल्प्समध्ये घडली. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत माँ ब्लाँवर आदळलं. 117 जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा. भाभांमुळे या अपघाताभोवती घातपाताच्या चर्चा आजतागायत फिरतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र जुन्नरच्या अहवालाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं. वैमानिकाने माँ ब्लाँच्या संदर्भात आपली जागा चुकीची मोजली. आपण शिखराकडे जाणारी धार ओलांडली, असं त्याला वाटलं आणि तो उतरत राहिला. फरक एवढाच की तिथे रडारवरच्या कंट्रोलरला ती चूक दिसली होती आणि त्याने विमानाची बरोबर जागा कळवलीही. पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाने त्यातून उलटा अर्थ घेतला.

त्या अहवालाने दोष वैमानिकापाशी थांबवला नाही, बोलण्याच्या भाषेलाही कारणात जागा दिली. मला तो अहवाल जुन्नरच्या निष्कर्षापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो, कारण तो पुढच्या माणसाला काहीतरी बदलता येईल असं सांगतो. वैमानिकाची खात्री बदलता येत नाही. वाक्य बदलता येतं.

पुढे 1 डिसेंबर 1974 ला अमेरिकेत टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं 514 क्रमांकाच्या उड्डाणाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. तिथेही वाद उतरण्याच्या परवानगीच्या अर्थाचाच होता: परवानगी मिळाली म्हणजे लगेच खाली यायला मोकळीक, असं कर्मचाऱ्यांनी धरलं. या अपघातानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं केलं आणि हळूहळू जगभर ते पसरलं. सुरुवातीचं यंत्र फक्त पोटाखालची जमीन मोजायचं. सपाट पठारावरून अचानक उठणारा कडा समोर असेल तर इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असायचा, आणि सह्याद्रीसारख्या रचनेत ही उणीव गंभीर होती. 1990 च्या दशकात यंत्रात जगाच्या भूप्रदेशाची माहितीच भरली गेली. आता विमान आपली जागा उपग्रहावरून ओळखतं, पुढचा डोंगर पडद्यावर रंगात दाखवतं आणि आदळण्याच्या बऱ्याच आधी ओरडून सांगतं. वैमानिकाची समजूत काहीही असो, यंत्राचं मत स्वतंत्र असतं. 1962 च्या त्या कॉकपिटमध्ये नेमकं हेच नव्हतं, वेगळं मत देणारं कुणीतरी.

ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापून काढली, नदीचा प्रवाह वळवला. टेकडी कापता येते; पण पूर्वेला माथेरान, प्रबळगड आणि त्यांच्या मागे घाटमाथा तिथेच राहणार. त्यामुळे या प्रदेशात पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येक मार्गाच्या नकाशावर दर टप्प्याची किमान उंची छापलेली असते, आणि कंट्रोलर रडारवर पाहत विमानांना पायरी-पायरीने खाली आणतात. विमान कुठे आहे हे आज दोन्ही बाजूंना दिसतं. जुन्नरच्या वेळी ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि ते दिसत नाही याची जाणीवही त्या संवादात कुठे उमटलेली नाही.